वजन कमी करायला जिमची वर्षाची मेंबरशिप घ्यावी का?

गवतफुल | ६ जानेवारी, रात्री १०:५०

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढते आहे. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे सल्ला नेमका देता येईल.

वय ४३, उंची पाच फूट दोन इंच, वजन ७८ किलो. डोंबिवली पूर्वेला राहते, नोकरी फोर्टमध्ये. दिवाळीनंतर ऑफिसच्या तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर, ६.१ निघालं. डॉक्टर म्हणाल्या, "अजून मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. गोळी आत्ताच नको. पाच-सहा किलो उतरवा, एप्रिलमध्ये परत बघू." माझ्या आईला पन्नाशीत मधुमेह झाला. तिच्या पायाची जखम दीड वर्ष भरत नव्हती, ड्रेसिंग मीच करायचे. त्यामुळे बारीक दिसण्याची हौस म्हणून हे विचारत नाहीये.

घरापासून आठ मिनिटांवर नवी जिम सुरू झाली आहे. वर्षाचे १४,०००, तीन महिन्यांचे ५,०००, महिन्याचे २,०००, वर जीएसटी. वर्षाची सवलत येत्या रविवारपर्यंतच आहे म्हणतात, दोनदा फोनही येऊन गेला. मुलगा दहावीला आहे, क्लासची फी भरून झाली आहे, १४,००० ही आमच्या घरात सहज बाजूला काढता येणारी रक्कम नाही.

दिवस असा जातो. सव्वापाचला उठते, तीन डबे, पावणेआठला घराबाहेर. सीएसएमटीला उतरून आम्ही दोघी-तिघी टॅक्सी शेअर करून हुतात्मा चौकाच्या पुढे ऑफिसला जातो. घरी यायला आठ वाजतात, मग स्वयंपाक. म्हणजे जिमला रात्री साडेआठ-पावणेनऊ हीच वेळ उरते.

२०१९ साली एका जिममध्ये सहा महिन्यांचे पैसे भरले होते आणि पाच आठवडे गेले. ते अजून सलतं.

जिमने वजन खरंच उतरतं का? की तोच पैसा आणि वेळ दुसरीकडे लावावा? ज्यांनी स्वतः केलंय त्यांचं ऐकायचं आहे.


टेकडीवरचा | ६ जानेवारी, रात्री ११:३०

ताई, मी जिमवाला नाही. कोथरूडला राहतो, गेली सहा वर्षं आठवड्यातून पाच दिवस पहाटे वेताळ टेकडीवर जातो. माझं वजन सहा वर्षांत दोन किलो इकडे-तिकडे, बस. टेकडी उतरलो की मित्रांबरोबर पोहे आणि दोन चहा, रविवारी मिसळ. चढून जे घालवलं ते उतरून भरून काढलं, हे मला चौथ्या वर्षी कळलं.

पण टेकडी सोडायचा विचार कधी मनात आला नाही. बीपी आटोक्यात आलं, झोप लागते, गुडघे कुरकुरत नाहीत. तुम्हाला वजन उतरवायचं असेल तर जिम की टेकडी हा प्रश्न दुसरा, खाण्याचा पहिला.


चांदणवेल | ७ जानेवारी, सकाळी ६:१५

"रविवारपर्यंतच" या शब्दावर जाऊ नकोस गं. संक्रांतीला ऑफर येते, महिला दिनाला येते, पाडव्याला येते. घाईत पैसे भरू नकोस एवढंच आत्ता सांगते, बाकी रात्री लिहीन.


मूगडाळ | ७ जानेवारी, दुपारी १:४०

मी आहारतज्ज्ञ आहे, नाशिकला. थोडं मोठं लिहिते, कारण तुमच्या रिपोर्टबद्दल बोलायला हवं.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० किलोकॅलरी. तुमच्या वजनाच्या व्यक्तीने अर्धा तास भरभर चालल्यावर जाळल्या जातात १३०-१४०. जिममधल्या तासाभरात, मशीनवर बसून विश्रांती घेतलेला वेळ धरून, अडीचशे ते साडेतीनशे. ट्रेडमिलचा आकडा बरेचदा याहून फुगलेला असतो. एक वडापाव साधारण तीनशेचा. म्हणून फक्त व्यायामाच्या जोरावर किलो उतरवणं फार सावकाश होतं, आणि व्यायामाने भूक वाढली की तेही होत नाही.

टांझानियात हाड्झा नावाचे शिकार आणि कंदमुळांवर जगणारे लोक आहेत. हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये त्यांचा दिवसाचा ऊर्जाखर्च मोजून प्रसिद्ध केला. दिवसभर पायपीट करणाऱ्या या लोकांचा एकूण खर्च, शरीराचं आकारमान लक्षात घेतल्यावर, खुर्चीत काम करणाऱ्या पाश्चात्त्य माणसांपेक्षा वेगळा निघाला नाही. शरीर इतर खर्च आवरून जमाखर्च जुळवतं, असं ते मांडतात. ७,७०० चा हिशोबही त्यामुळे कागदावर जितका सरळ दिसतो तितका प्रत्यक्षात चालत नाही.

मग व्यायाम कशाला? ताई, तुमच्यासाठी तो वजनापेक्षा साखरेसाठी जास्त हवा. जेवणानंतर रक्तात आलेली साखर शोषून घेण्याचं मोठं काम स्नायू करतात. पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपली भारतीय शरीरं कमी वजनातही चरबी जास्त आणि स्नायू कमी बाळगतात, हे त्या एका फोटोत दिसतं. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त वजन, २५ ला लठ्ठपणा धरतात, आणि बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत असावी म्हणतात. तुमची कंबर बेंबीच्या पातळीवर मोजून ठेवा. काटा हलला नाही तरी टेप हलते.

मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, २००२ मध्ये निष्कर्ष आले. सुमारे ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, हे उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. तुमच्या ७८ किलोचे ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. डॉक्टरांचा आकडा तिथलाच असणार. चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन यांनी आपल्या लोकांवर असाच अभ्यास केला, तो २००६ चा. तिथे वजनात फारसा फरक न पडताही आहार-व्यायामाच्या गटात धोका २८.५ टक्क्यांनी उतरला. हे माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईला मी सांगते, कारण काटा हलला नाही की त्या व्यायाम सोडतात.

तेलाचं बोलायचं राहिलं. घरात महिन्याला किती लागतं?


गवतफुल | ७ जानेवारी, रात्री ९:५५

सगळ्यांचे आभार. मूगडाळ ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, नवऱ्यालाही वाचायला दिला. कंबर ९८ सेंटीमीटर. तेल पाच लिटर, आम्ही चौघं, सासूबाई धरून. कधी मोजलं नव्हतं, आज किराण्याच्या बिलात पाहिलं.


मूगडाळ | ७ जानेवारी, रात्री १०:२०

पाच लिटर चौघांत म्हणजे माणशी सव्वा लिटर. दिवसाला जवळपास ३४० किलोकॅलरी नुसत्या तेलाच्या. तीन लिटरवर आणलंत तर माणशी दिवसाला १३५ च्या आसपास वाचतील, म्हणजे तुम्ही अर्धा तास चालून जितक्या घालवता तितक्याच. एकदम नको, महिन्याला अर्धा-अर्धा लिटर कमी करा. भाजीला फोडणी पळीने न घालता चमच्याने मोजून घाला. आणि वरण पातळ न करता घट्ट करा, सोबत मोड आलेलं कडधान्य, दही किंवा अंडं. भूक टिकते आणि स्नायूंना प्रथिनं मिळतात.


लालमाती | ७ जानेवारी, रात्री ११:०५

मी कोल्हापूर भागातला. सोळाव्या वर्षापासून आठ वर्षं तालमीत होतो. पहाटे चारला उठून जोर-बैठका, मग मातीत लढती, संध्याकाळी परत. त्या काळात दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण, सगळं जिरायचं.

खांदा गेला, कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. घरात आईला वाटायचं पोरगं पैलवान आहे, वाढ त्याला. मलाही ताट तेवढंच लागायचं. चार वर्षांत २६ किलो चढलं. आमच्याकडे असे कितीतरी जुने गडी आहेत, ज्यांचं अंग तालीम सुटल्यावर बिघडलं.

ताई, जिमला जाणार असाल तर आत्ताच ठरवा की ती सुटेल तेव्हा ताट कसं असेल. आणि जिम लागणार नसेल तर बैठका घरी काढता येतात. खुर्चीला धरून दहा, मग वीस. भिंतीला हात टेकून जोर. यासाठी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. मी दोन वर्षांपूर्वी पुन्हा याच मार्गाने सुरुवात केली, ११ किलो उतरले, त्यातले बहुतेक ताटावर.


चांदणवेल | ७ जानेवारी, रात्री ११:४०

आता माझं. मी ठाण्याला, वय ४७, जिमला जाऊन तीन वर्षं झाली आणि मी जिमच्या बाजूची आहे. घरी बैठका काढणं मला कधी जमलं नाही. चटई अंथरली की कुकरची शिट्टी, दाराची बेल, "आई माझा चार्जर कुठाय". घरात मी सगळ्यांना सापडते. जिममध्ये पाऊल टाकलं की तो तास कुणी मागत नाही. मी पैसे त्याचे देते.

गवतफुल, तुझ्या प्रश्नात ही गोष्ट आलीच नाही. साडेआठला तू जिमला गेलीस तर त्या वेळी घरी स्वयंपाक कोण करणार? २०१९ ला पाच आठवड्यांत का सुटलं होतं, ते आठवून बघ.


ताळेबंद | ८ जानेवारी, सकाळी ८:३०

आकडे मांडतो. गेल्या २२ सप्टेंबरपासून, म्हणजे २०२५ पासून, जिमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला आहे. बिलात १८ लावलाय का ते बघा. ५ टक्क्यांनी वर्षाचे १४,७०० होतात. आठवड्यातून दोनदा वर्षभर गेलात तर १०४ खेपा, खेपेला १४१ रुपये. दोन महिन्यांत १६ वेळा जाऊन थांबलात तर खेपेला ९१९ रुपये.

स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके मालमेंडिएर या दोन अर्थतज्ज्ञांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या हजेरीचा अभ्यास प्रसिद्ध केला. महिन्याला ७० डॉलरपेक्षा जास्त भरणारे सभासद सरासरी महिन्यातून ४.३ वेळाच येत होते. त्यांना एक खेप १७ डॉलरच्या वर पडत होती. तिथेच दहा खेपांचा पास घेतला असता तर खेपेला १० डॉलर पडले असते. ही माणसं आळशी होती असं मी म्हणणार नाही. पैसे भरताना आपण जितक्या खेपा मनात धरतो तितक्या होत नाहीत, हे बहुतेकांचंच असतं. म्हणून माझा सल्ला तीन महिन्यांचा. वर्षाच्या हिशोबाने ते महाग दिसतात, पण तुम्ही अजून वर्ष काढलेलं नाही.


ओलीसुपारी | ८ जानेवारी, दुपारी १२:१०

ताळेबंद यांना अनुमोदन. मी रत्नागिरीची, सध्या पनवेलला. आमच्या इथल्या एका जिमला दोन वर्षांचे एकदम भरले होते, २२,०००. सातव्या महिन्यात सकाळी गेले तर शटर खाली. आतली मशीनं रातोरात हलवलेली. बाहेर आम्ही साठ-सत्तर जणी उभ्या, मालकाचा फोन बंद. रोख भरलेल्यांकडे पावतीही नव्हती, माझ्याकडे होती. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत. माझ्या लेकीच्या कॉलेजच्या फीमधून वाचवलेले पैसे होते ते, अजून लागतं मनाला.

रोख देऊ नका, पावती घ्या, आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त पैसा कुणाच्या हातात ठेवू नका.


लोखंड | ८ जानेवारी, रात्री १०:००

मी आठ वर्षं ट्रेनर होतो, आधी दादरला, मग कल्याणला. आता दुसरा व्यवसाय आहे, त्यामुळे कुणाची बाजू घ्यायचं कारण नाही. आतली माहिती देतो.

जानेवारीत गर्दी दुप्पट होते, होळीपर्यंत ओसरते. जिमच्या मालकाला हे माहीत असतं आणि वर्षाचं पॅकेज त्यावरच उभं असतं. नोंदलेले सगळे सभासद रोज आले तर हॉलमध्ये मावणारच नाहीत. म्हणून ताई, तुम्ही ज्या वेळी जाणार त्याच वेळी एक दिवस ट्रायल मागा. सकाळी अकराला दाखवतात तेव्हा हॉल रिकामा असतो. रात्री पावणेनऊला लॅट पुलडाउनसाठी, म्हणजे पाठीच्या मशीनसाठी, पंधरा मिनिटं थांबावं लागलं तर तुमच्या तासाचा अर्धा तास होतो.

ट्रेनर पहिल्या दिवशी काय विचारतो ते ऐका. बीपी, साखर, गुडघे, कंबर, आधीची ऑपरेशन्स, हे विचारलं नाही आणि सरळ ट्रेडमिलवर चढवलं तर समजून जा. महिनाभर नुसतं ट्रेडमिल आणि सायकल देणारे बरेच असतात, कारण त्यात त्यांना लक्ष द्यावं लागत नाही. तेवढ्यासाठी जिमचे पैसे देऊ नका, चालायला रस्ता आहे. जिमची खरी किंमत वजनं उचलण्यात आहे. लेग प्रेस, रोइंग, डंबेल, हळूहळू वाढत जाणारं वजन. घरी बैठका छान सुरू होतात, पण पाठीच्या स्नायूंना ओढायचं काही नसतं, आणि पाच-पाच किलोने भार वाढवता येत नाही. खाणं कमी करून वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. तो तोटा आवरायला आठवड्यातून दोन दिवस वजनांचा व्यायाम पुरतो. जागतिक आरोग्य संघटनाही १५० ते ३०० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा, असंच सांगते.

दंड पुरुषांसारखे होतील ही भीती मला शेकडो बायकांनी बोलून दाखवली. होत नाहीत. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं पुरुषी संप्रेरक, फार कमी असतं.

फॅट बर्नरचे डबे, घामाचा पट्टा, हे काउंटरवर पुढे करतील. पट्ट्याने घाम जातो, पाणी प्यायलं की परत येतो. पर्सनल ट्रेनिंग पहिल्याच दिवशी घेऊ नका. आजारपणात किंवा परीक्षेच्या काळात पॅकेज 'फ्रीज' करता येतं का, म्हणजे तेवढे दिवस थांबवता येतं का, ते लेखी घ्या. तोंडी सांगितलेलं काउंटरवरचा माणूस बदलला की संपतं.


बर्फाळवाट | ९ जानेवारी, पहाटे ४:१०

टोरांटोहून. इथे सध्या उणे बारा आहे, फुटपाथवर काळा बर्फ, चालायला बाहेर पडणं म्हणजे हाड मोडून घेणं. त्यामुळे मी महापालिकेच्या कम्युनिटी सेंटरमधली जिम घेतली आहे. आमच्याकडे नोव्हेंबर ते मार्च हा प्रश्नच नसतो. तुम्हाला बारापैकी आठ महिने बाहेर चालता येतं, ते मोजा असं सुचवते. मी पुण्याला असताना ते कधी मोजलं नाही.


गवतफुल | ९ जानेवारी, रात्री ११:१५

चांदणवेल, तुझ्या प्रश्नाने दोन दिवस झोप नाही. २०१९ ला का सुटलं ते आठवलं. तेव्हा मी साडेआठला जाऊन दहाला घरी यायचे आणि मग पोळ्या करायचे. मुलगा लहान, जेवायला साडेदहा. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण एके दिवशी त्याला उपाशी झोपलेलं पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून गेले नाही. कारण विचारलं तर मी सगळ्यांना "कंटाळा आला" सांगितलं होतं. स्वतःलाही तेच सांगत आले.

काल हे नवऱ्याला पहिल्यांदाच नीट सांगितलं. तो गप्प झाला, मग म्हणाला, "आधी का नाही बोललीस?" त्याची ड्युटी सहाला संपते, तो साडेसहाला घरी असतो. कुकर आणि भाजी तो करायला तयार आहे, पोळ्या शेजारच्या पोळीवाल्या मावशींकडून आठवड्यातून दोन दिवस.


लालमाती | १० जानेवारी, सकाळी ७:००

ताई, वाचून बरं वाटलं. दादांना माझा नमस्कार सांगा.


टेकडीवरचा | १० जानेवारी, सकाळी ९:२०

एक लक्षात आलं म्हणून विचारतो. सीएसएमटी ते हुतात्मा चौकाच्या पुढे हे अंतर पायी पंधरा मिनिटांचं असेल. तुम्ही टॅक्सी करता. जाताना पंधरा, येताना पंधरा, आठवड्याचे पाच दिवस. बरोबर १५० मिनिटं होतात.


गवतफुल | १० जानेवारी, सकाळी ९:५०

अरे देवा. खरंच की. अकरा वर्षं टॅक्सीने जाते आहे.


मूगडाळ | १० जानेवारी, सकाळी १०:१५

उत्तम सुचवलंत दादा. फक्त रमतगमत नको. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग हवा. आणि ताई, जमलं तर दुपारच्या डब्यानंतर दहा मिनिटं वेगळी. जेवणानंतरच्या साखरेवर त्याचा चांगला परिणाम होतो.


निशिगंध_२ | १० जानेवारी, दुपारी ३:३०

वजन कमी करायची नवी इंजेक्शनं आली आहेत ना? माउंजारो, वेगोवी. माझ्या वहिनीला डॉक्टरांनी सुरू केलंय. त्यापुढे जिमचे १४,००० कशाला?


मूगडाळ | १० जानेवारी, संध्याकाळी ६:४५

२०२५ मध्ये ती दोन्ही आपल्याकडे आली आणि ज्यांना गरज आहे त्यांना त्यांचा खरोखर उपयोग होतो. पण ती डॉक्टरांनी तपासून द्यायची औषधं आहेत, खर्च महिन्याला हजारोंचा असतो. भूक खूप कमी झाल्यावर स्नायूही उतरतात, म्हणून त्यांच्या सोबतही वजनांचा व्यायाम आणि प्रथिनं लागतातच. वहिनींना हे नक्की सांगा. गवतफुल ताईंच्या डॉक्टरांनी साधी गोळीही थांबवून ठेवली आहे, त्यांचा सल्ला मला योग्य वाटतो.


गवतफुल | ११ जानेवारी, रात्री १०:३०

आज रविवार. काल पावणेनऊला ट्रायल घेतली. लोखंड दादा म्हणाले तसंच झालं, गर्दीत लेग प्रेससाठी तीन जण पुढे. ट्रेनर मुलगी मात्र चांगली वाटली. बीपी विचारलं, रिपोर्ट बघायला मागितला, गुडघा वाकवून दाखवायला सांगितला. ती शनिवार-रविवार सकाळी साडेसातला असते, तेव्हा हॉल मोकळा असतो.

तीन महिन्यांचे घेतले. ५,२५० रुपये, यूपीआयने, पावती घेतली. दहावीच्या परीक्षेच्या दोन आठवड्यांचं 'फ्रीज' पावतीवर लिहून घेतलं. काउंटरवरची मुलगी वर्षाच्या पॅकेजसाठी पुन्हा पुन्हा सांगत होती, मी नाही म्हटलं. उद्यापासून टॅक्सी बंद.


चांदणवेल | ११ जानेवारी, रात्री १०:४०

शाब्बास गं. एप्रिलमध्ये इथेच येऊन लिही, वाट बघते.


गवतफुल | २१ एप्रिल, रात्री ९:४०

सांगितल्याप्रमाणे आले.

वजन ७८ वरून ७४.२. कंबर ९८ वरून ९३. एचबीएवनसी ५.८. डॉक्टर म्हणाल्या, अजून उंबरठ्यावरच आहात, पण दिशा बरोबर आहे, गोळी नको, सहा महिन्यांनी परत.

जिमच्या खेपा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर खुणा करून मोजल्या. २४ ठरवल्या होत्या, १७ झाल्या. ताळेबंद दादा, खेपेला ३०९ रुपये. मधे परीक्षा, नंतर सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. पहिल्या महिन्यात काटा अर्धा किलोच हलला होता. मूगडाळ ताईंनी टेपबद्दल लिहिलं नसतं तर तेव्हाच सोडलं असतं. तेल सव्वातीन लिटरवर आलंय. ऑफिसमधलं चार वाजताचं फरसाण बंद केलं, त्या जागी डब्यात भाजके चणे. हे सगळ्यात कठीण गेलं, अजूनही जातं.

चालणं मात्र एक दिवसही चुकलं नाही. माझ्याबरोबरच्या दोघीही आता टॅक्सी करत नाहीत.

लेग प्रेसवर २० किलोपासून सुरुवात केली होती, आता ५५. डोंबिवलीचा पूल पिशवी घेऊन एका दमात चढते. पूर्वी मधे कठड्याला धरून उभी राहायचे आणि मोबाइल बघतेय असं दाखवायचे.

नवरा अजून कुकर लावतो. सुरुवातीला दोन दिवस ठरले होते, आता चार झालेत. त्याची आमटी माझ्यापेक्षा बरी होते, सासूबाईंनीच सांगितलं.

पुढचे तीन महिने भरले आहेत. परत तीनच. एक प्रश्न आहे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की फोर्टमधलं चालणं कसं करायचं? छत्री, डब्याची पिशवी, साचलेलं पाणी, आणि ऑफिसला ओल्या कपड्यात दिवसभर बसणं जमणार नाही.


टेकडीवरचा | २१ एप्रिल, रात्री १०:०५

मनापासून अभिनंदन ताई. पावसात मीही टेकडी बंद ठेवतो, निसरडी होते. सोसायटीचा जिना चार-पाच वेळा चढतो-उतरतो, पंधरा मिनिटं होतात.


लोखंड | २१ एप्रिल, रात्री १०:३०

५५ किलो छान आहे. घाई न करता जा. पावसाळ्यात सीएसएमटीच्या फलाटावरच चाला. संध्याकाळी एक गाडी सोडून द्या आणि छपराखाली जेवढा भाग आहे तेवढ्यात फेऱ्या मारा, गर्दी कमी असेल ते टोक बघा. सकाळी जोराचा पाऊस असेल तर ते पंधरा मिनिटं ऑफिसच्या जिन्यावर. चपला बॅगेत वेगळ्या ठेवा, ओल्या फरशीवर घसरणाऱ्या घालू नका.


गवतफुल | २१ एप्रिल, रात्री १०:४५

ऑफिस चौथ्या मजल्यावर आहे. उद्याच जिना मोजते.